शिवसागरावरील एक दिवस

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघे स्नेही तापोळ्यास जाऊन आलो, ही वार्ता पसरताच एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, तळेच पाहायचे होते, तर इतक्या लांब कशाला गेलात?" प्रश्न रास्त होता. शहापूर तालुक्याच्या रहिवाशास तळ्याचे काय अप्रूप? १८९२ साली पुरा झालेला तानसा तलाव आमच्याच रानात आहे. मोडकसागर व भातसा हीही आमची शेजारीच. परंतु चित्रकलेच्या मास्तरांचे तापोळ्याच्या वाटेवर एक काम होते. ते कोणते, हे त्यांनी आरंभी कोणासच सांगितले नव्हते.

पहाटेच्या लोकलने आसनगावाहून आम्ही कल्याण गाठले. भूगोलाचे मास्तर मुरबाडचे. तेथे रेल्वे नसल्यामुळे ते एस. टी.ने आले व स्टेशनाच्या पुलावर घामाघूम होऊन भेटले. चौथे आमच्या मंडळीचे खजिनदार. सर्वांची तिकिटे त्यांच्या खिशात होती, आणि ती जागेवर आहेत की नाहीत हे ते दर दहा मिनिटांनी चाचपून पाहत. गाडीचे नावच कोयना एक्सप्रेस. तेव्हा प्रवासास शुभशकुन झाला असे भूगोलमास्तरांनी जाहीर केले.

कर्जतेस गाडीच्या मागे आणखी इंजिने जोडतात. पुढचे ओढते, मागची रेटतात, तेव्हा कोठे बोरघाट सर होतो. ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर, असा तो चढ आहे. हा मार्ग १८६३ साली खुला झाला. त्या काळी घाटाच्या मध्यावर गाडीस तोंड फिरवून उलट दिशेने चढावे लागे. १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर ती खटपट संपली. पावसाळा नुकताच सरला होता. कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा अजून लोंबत होत्या, आणि खाली दरीत भाताची खाचरे पिवळी पडत चालली होती. प्रत्येक बोगद्यात डब्यातील मुले आरोळी ठोकीत. दुसऱ्या बोगद्यापासून त्यांत एक जाड आवाज मिसळू लागला. प्रकाश आला तेव्हा खजिनदार गंभीरपणे तिकिटे चाचपीत होते! ही वाट फोडताना हजारो मजूर आजारांनी व अपघातांनी बळी पडले, असे भूगोलमास्तरांनी सांगितले, तेव्हा मात्र आमचा पुढचा बोगदा मुकाट्याने गेला.

पुण्यानंतर जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार अशी स्थानके मागे टाकीत दुपारी साताऱ्यास उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कासच्या पठारावरून बामणोलीस गेलो. पठारावरील प्रसिद्ध फुले संपली होती. वाळल्या गवतावर नुसता वारा होता.

बामणोलीहून लाँच निघाली. शास्त्राच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे गालील समुद्राचे वर्णन करीत आलो आहो. ते तळे लांबीने सुमारे २१ किलोमीटर. शिवसागर सुमारे ५० किलोमीटर पसरला आहे. दोन्ही तीरांवर दाट रान, निळ्या डोंगरांची रांगेमागून रांग, आणि पाणी इतके निश्चल की लाँचेच्या मागची रेघ बराच वेळ मिटत नसे. या मुलखास लोक 'मिनी काश्मीर' म्हणतात. हे नाव आम्हांस रुचले नाही. सह्याद्रीस उसने नाव कशास हवे? कोयना नदी महाबळेश्वरास उगम पावून कऱ्हाडास कृष्णेला मिळते. परंतु १९६० नंतरच्या काही वर्षांत धरण झाले, आणि आता तिचे पुष्कळसे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेस नेऊन त्यावर वीज काढतात. धरणात बुडालेल्या गावांची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरली; कित्येक आमच्या ठाणे जिल्ह्यात आली.

चित्रकलेच्या मास्तरांचे घराणे त्यांपैकीच, हे आम्हांस त्या लाँचेवर कळले. त्यांनी पिशवीतून एक रिकामी बाटली काढली व म्हाताऱ्या नावाड्यास गावाचे नाव सांगितले. तो म्हणाला, "नेमका कुठं हाय ते मला ठावं. उन्हाळ्यात पानी उतरलं की जोती दिसत्यात." थोड्या वेळाने त्याने इंजिन बंद केले. "हितंच," तो म्हणाला. खाली काहीच दिसत नव्हते. आमचीच चार तोंडे पाण्यावर हलत होती. आई म्हणाली होती, आपल्या दारावरचं पाणी घेऊन ये, एवढे सांगून मास्तर वाकले आणि त्यांनी बाटली भरली. खजिनदारांनी टोपी काढली. आम्ही प्रार्थना करावी अशी अपेक्षा दिसली. पण आम्हांस शब्द सुचेनात.

आमच्या मनात भलतेच आले होते. दोन वर्षांपूर्वी आठवीस आम्ही 'आमच्या गावाजवळील तळे' हा निबंध दिला होता. कमळे, चांदणे, बगळे असे सर्वांनी लिहिले. तानसेच्या बाजूच्या एका पाड्यावरील मुलाने चारच ओळी लिहिल्या: तळ्याचे पाणी मोठ्या नळातून मुंबईला जाते, चैत्रात आई हंडा घेऊन रात्रभर विहिरीवर बसते, टँकर येतो त्या दिवशी मी शाळेत येत नाही, तळे छान आहे. आम्ही तांबड्या शाईने 'विषयांतर' असा शेरा मारून दहांपैकी तीन गुण दिले होते.

तापोळ्यास पिठले, भाकरी व ठेचा असे जेवण झाले. कोणी फारसे बोलले नाही.

परतल्यावर मास्तरांच्या घरी गेलो. आजींचे वय ऐंशीच्या पुढे. नवी नवरी म्हणून त्या ज्या घरात गेल्या, तेच हे घर. त्यांनी बाटली उजेडात धरून विचारले, "वृंदावन दिसलं का रं?" मास्तरांनी नाही म्हटले. "लई खोल गेलं म्हनायचं," असे म्हणून त्यांनी एक घोट घेतला व बाटली हंड्याशेजारी ठेवून दिली. त्या दिवशी त्यांच्या नळास पाणी नव्हते.

तो मुलगा आता दहावीत आहे. शाळा उघडताच आम्ही त्याची जुनी वही मागितली. ती रद्दीत गेली होती. मग तोच निबंध पुन्हा लिहून दे, असे आम्ही म्हणालो. त्याने थोडा वेळ आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, विषयांतर झाले तर चालेल?" तो निबंध याच अंकात छापला आहे. आम्ही त्यातील ऱ्हस्वदीर्घ तेवढे सुधारले आहेत.