शिवणीतली माया

मुलांनो, एक गंमत करून बघा. आईचा शिवून घेतलेला एखादा ब्लाउज (आईला विचारूनच हं!) उलटा करा आणि काखेखालची बाजूची शिवण नीट पाहा. तिथे एकीशेजारी एक अशा दोन-तीन टिपा मारलेल्या दिसतील. टीप म्हणजे मशीनच्या टाक्यांची रेघ. त्या टिपांच्या पलीकडे इंच-दीड इंच जादा कापड आत ठेवलेलं असतं. या जादा कापडाला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. ब्लाउज घट्ट व्हायला लागला, की अंगाकडची टीप उसवायची. लगेच शेजारची टीप कामाला लागते! सैल झाला, तर आणखी आतून एक नवी टीप मारायची. कापड तेच, ब्लाउज तोच.

तुम्ही म्हणाल, आज शिवणाचा तास कशाला? सांगते.

माझे गुडघे कुरकुरायला लागले आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. रोजचं चालणं आणि ताटातले बदल यांनी १४ महिन्यांत १२ किलो उतरलं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वजन कमी व्हायला लागल्यावर एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. कपडे! दर दोन-तीन महिन्यांनी सगळं ढगळ व्हायचं. कुडत्याचे खांदे दंडावर उतरायचे, बाह्या पंजापर्यंत यायच्या.

घरीदारी सगळ्यांचा एकच सल्ला : “आत्ता कशाला कपड्यांना पैसे घालतेस? पूर्ण बारीक झालीस की घे छानसे.”

यातली पैशांची गोष्ट अगदी खरी. उद्या सैल होणाऱ्या कपड्यावर हजारो रुपये कोण घालवणार? पण उरलेली अर्धी गोष्ट मला काही पटेना. १४ महिने म्हणजे तुमची एक अख्खी इयत्ता आणि वर उन्हाळ्याची सुट्टी. एवढे दिवस मी गोणपाटात गुंडाळल्यासारखी ऑफिसला जायचं? दोन लग्नं आणि एक बारसं त्याच अवतारात करायचं? वजन उतरेल तेव्हा उतरेल. सोमवारी सकाळी नऊ वाजता जी मी घराबाहेर पडणार, तिला नीट बसणारा कपडा हवाच की!

मग मी वर्षाचे २५०० रुपये कपड्यांसाठी बाजूला काढले आणि कपाट उघडलं.

पहिला शोध असा लागला, की आपल्या जुन्या लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. साडीला साइज नसतो! साधारण साडेपाच मीटरचं सरळ कापड ते. कंबर कमी झाली, तर एखादी निरी जास्त पडते, बस्स. नऊवारीचं तेच, धोतराचं तेच. सलवारीच्या नेफ्यात नाडी असते, ती आवळली की झालं. न शिवलेला किंवा नाडीने बांधायचा कपडा माणसाबरोबर लहानमोठा होतो. गडबड होते ती मापात कापलेल्या कपड्यांची. त्यांच्यासाठी मी गाठलं आमच्या गल्लीतल्या अल्टरवाल्या मास्टरांना. जिन्याखाली जेमतेम एक मशीन मावेल एवढं त्यांचं दुकान.

मी म्हटलं, “मास्टर, जादा कापड कापून टाका सगळं.”

ते म्हणाले, “नको ताई. नुसती टीप मारतो. एकदा कात्री चालली की गेलं ते कापड. राहू द्या आत, कधी लागेल सांगता येत नाही.”

त्यांच्याकडे बसून मी बरंच शिकले. कपडा बाजूने आत घेणं सगळ्यात सोपं आणि स्वस्त. उंची कमी करणंही सोपं. बाबांची पँट कमरेत मागच्या शिवणीतून दोनेक इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतली, तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला निघतात! खांदा उतरलेला शर्ट मात्र दुरुस्त करणं कटकटीचं, कारण त्यासाठी बाही पूर्ण काढून मुंढा नव्याने कापावा लागतो. म्हणून कपडा घेताना आधी खांदा बघावा. खांदा बरोबर असेल, तर बाकीचं मास्टर बघून घेतात. आणि मायेलाही मर्यादा असते बरं का. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांच्या वर कापड आत राहिलं, की काखेत गोळा होऊन टोचतं. मग कात्री लावावीच लागते.

नवीन म्हणून मी फक्त दोन कुडते शिवले. दादरच्या हिंदमाता बाजारातून सुती कापड आणलं, ५ मीटर. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवलं. हे काम फुकटचं आहे आणि तरी निम्मे लोक विसरतात!

आता हिशेब. कापड १५० रुपये मीटरने ७५० रुपये. दोन कुडत्यांची शिलाई ७०० रुपये. चार ब्लाउजना आतून टीप प्रत्येकी ४० आणि तीन जुन्या कुडत्यांना प्रत्येकी ६०, आणि हे सगळं वर्षात दोनदा. बेरीज करून बघा. माझ्याकडे ३७० रुपये उरले का?

कापड निवडताना एक मजा झाली. दुकानात सोबत आलेल्या जाऊबाई म्हणाल्या, “आडव्या रेघा नको गं, जाड दिसशील.” हे तुम्हीही ऐकलं असेल. पण हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं, की अगदी सारख्या मापाचे दोन चौरस घेतले, एकात आडव्या रेघा आणि दुसऱ्यात उभ्या, तर आडव्या रेघांचा चौरस उंच आणि अरुंद भासतो! इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांच्या चित्रांवर हेच ताडून पाहिलं आणि २०११ साली प्रसिद्ध केलं : आडव्या रेघांनी माणूस जाड दिसत नाही. वहीच्या पाठकोऱ्या पानावर तुम्हीही करून बघा. मी आडव्या रेघांचंच कापड घेतलं.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण माझी भाची. ती १३ वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना ही मुलगी जाड जॅकेट घालून बसलेली. शाळेत कुणीतरी नावं ठेवली होती. मावसभावाच्या मुंजीला येणार नाही म्हणाली. “मावशी, मी बारीक झाल्यावर येईन सगळीकडे.” दुपारचं जेवणही सोडायला लागली होती.

माझ्या पोटात गोळाच आला. मी मोठी, माझी वाढ कधीच संपली. तुमची चालू आहे! मुलींची उंची साधारण दहा-बारा वर्षांच्या सुमारास झपाट्याने वाढायला लागते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. हाडं, स्नायू सगळंच वाढत असतं, म्हणजे वजनही वाढायलाच हवं. खरंच जास्त असेल, तर ते डॉक्टर ठरवतील. वाढत्या मुलांना ते पुष्कळदा वजन उतरवायला सांगतच नाहीत, आहे तिथे राहू दे म्हणतात. उंची वाढली की आपोआप मेळ बसतो. जेवण सोडणं हा उपाय नाही. भाचीला मी हे सांगितलं, तिच्या आईलाही सांगितलं, आणि दोघींना डॉक्टरांकडे पाठवलं.

ते झालं शरीराचं. मुंज मात्र आठ दिवसांवर आली होती. तिचा आवडता निळा कुडता छातीशी आवळत होता. मी तो उलटा केला तर आत चांगली दीड इंच माया! मास्टरांनी दहा मिनिटांत टीप उसवून नवी मारली. घालून बघितल्यावर भाची आरशासमोर दोनदा गिर्रकन फिरली आणि मास्टरांना म्हणाली, “काका, खालीपण सोडा ना थोडा, मी उंच होतेय.”

खालची दुमड सोडली, की जुन्या घडीची गडद रेघ दिसते. तुमच्या गणवेशावरही पाहिली असेल. आतलं कापड उन्हात विटत नाही ना, म्हणून. मास्टरांनी त्या रेघेवरून १५ रुपयांची लेस फिरवली. गणवेशाला लेस चालत नाही, तिथे त्याच रंगाच्या दोऱ्याने रेघेवर दोन टिपा मारायच्या. आईबाबांनो, पुढच्या जूनमध्ये गणवेश शिवायला टाकाल, तेव्हा खाली तीन इंच दुमड ठेवायला सांगा. आणि कापड आधी भिजवा.