उंदराला रजा

आमच्या मंगळवेढ्यात उंदराचे कौतुक कुणी करील, असे मला वाटत नाही. गाव ज्वारीचे. काळ्याभोर, खोल जमिनीत पावसाळा सरताना पेरायचे आणि पुढे नुसत्या ओलीवर पीक काढायचे, हा इथला पिढीजात जुगार. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. उंदरांना मात्र तिची पारख फार आधीपासून होती! अशा गावात राहून मी उतारवयात पैसे मोजून एक उंदीर विकत आणला. संगणकाचा ‘माउस’ म्हणतात तो.

आणला, पण आमचे जमले नाही. त्याच सुमारास मोरीत घसरून माझे उजवे मनगट मोडले होते. हाड सांधले, कंप मात्र राहिला. पडद्यावरचा बाण एका शब्दावर न्यावा, तर तो शेजारच्या ओळीत जाऊन उभा! आणि माझे काम तर मुदतीचे होते. वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात लिहिलेली एक वही घरात होती. तिच्यातली शिसपेन्सिलीची अक्षरे दर वर्षी थोडी थोडी पुसट होत चालली होती. ती पुरती विरण्याआधी उतरून काढायची होती.

दिवाळीला पुण्याहून भाचा आला. दहा मिनिटे त्याने माझी झटापट पाहिली आणि म्हणाला, “मामा, तुम्ही तीस वर्षं कचेरीबाहेर टाइपरायटर बडवलात. तुमची बोटं शहाणी आहेत. उंदराला रजा द्या.” आणि त्याने ‘व्हिम’ नावाचा एक संपादक संगणकात बसवून दिला. संपादक म्हणजे लेख साभार परत पाठवणारे गृहस्थ नव्हेत. मजकूर लिहिण्या-खोडण्याचे साधन.

भाचा गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी मला त्यातून बाहेर पडता येईना. शेवटी भिंतीवरचे बटण बंद करून सुटका करून घेतली. दुसऱ्या दिवशी फोनवर कळले, की आधी कोपऱ्यातली ‘एस्केप’ कळ दाबायची, मग कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह. रागारागाने घराबाहेर पडणारा माणूसही असेच उद्गारचिन्ह मारून जातो. म्हणून ते लक्षात राहिले.

या साधनाच्या दोन वृत्ती आहेत. एकीत कळ दाबली की अक्षर उमटते. दुसरीत तीच कळ आज्ञा होते. डी दोनदा दाबला की ओळ उचलली जाते, पी दाबला की ती हवी तिथे बसते, आणि नुसते टिंब दिले की मागची करणी पुन्हा होते. इकडेतिकडे फिरायला एच, जे, के, एल या चार कळा. याच चार का? तर ‘व्हीआय’ हा व्हिमचा पूर्वज बिल जॉय याने १९७६ च्या सुमारास अमेरिकेत बर्कली येथे लिहिला, तेव्हा त्याच्यापुढच्या यंत्रावर बाण याच कळांवर छापलेले होते. यंत्र गेले, बाण गेले, सवय राहिली. दूरच्या संगणकाशी सेकंदाला जेमतेम तीस अक्षरांच्या वेगाने बोलायचे, म्हणून तार करणाऱ्यासारखा तो आज्ञेची अक्षरेही मोजून वापरी. मराठीची मांडणी चालू ठेवून आज्ञा दिली तर स्वारी मख्ख बसते. दर वेळी इंग्रजीवर यावे लागते. हा जाच अजून आहे.

पण एक गुण मोठा. दोनशे अक्षरे टंकली, किंवा चार सेकंद हात थांबला, की मजकुराची टिपण तो आपणहून बाजूला ठेवतो. वीज अवचित गेली तरी पुन्हा उघडताना ती परत देऊ करतो. विजेचा लपंडाव ज्यांनी भोगला, त्यांना या गुणाची किंमत सांगायला नको.

व्हिम लिहिणारे ब्राम मूलेनार हे डच गृहस्थ. १९९१ साली त्यांनी तो लोकांपुढे ठेवला, तोही फुकट. मी तो प्रथम उघडला तेव्हा पडद्यावर एक ओळ होती: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. तिथल्या किबाले गावी त्यांनी स्वतः जाऊन काम केले होते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते वारले. दुष्काळात सरकारी कोठारे खुली करणाऱ्या दामाजीपंतांच्या गावात राहणाऱ्याला अशा माणसाची ओळख पटायला वेळ लागत नाही.

असो. वहीचे सांगत होतो. वडील चौथी शिकलेले. दुष्काळी कामावर खडी फोडून आले की रोज दोन-चार ओळी लिहीत. सगळीकडे ‘जवारी’. माझ्यातला टंकलेखक अस्वस्थ झाला. पहिली वीस पाने तर मी उतरतानाच शुद्ध केली होती. पुढे कंटाळा आला, म्हणून एकच आज्ञा दिली: जिथे ‘जवारी’ तिथे ‘ज्वारी’. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच खाली आकडा आला. ११२ बदल!

खुशीत वाचू लागलो. “आज मिलो मिळाला. लाल. पोरं खाईनात. ज्वारी कधी बघाया मिळंल.”

मिलो म्हणजे त्या साली रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी ज्वारी. ती खाणाऱ्यांत मीही होतो. ‘ज्वारी’ हा शब्द वडिलांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. वाक्य कुणा कारकुनाने लिहून दिल्यासारखे वाटू लागले. मी यू दाबला. ११२ च्या ११२ जवाऱ्या एका क्षणात जागच्या जागी.

पहिल्या वीस पानांना मात्र तो यू लागू नव्हता. संपादक बंद केला की मागे जाण्याची वाट बुजते. मूळ वही घेतली, भिंग लावले, आणि मी सुधारलेला एकेक शब्द पुन्हा बिघडवीत बसलो. ‘मिळेल’चे ‘मिळंल’, ‘नाही’चे ‘न्हाई’. दोन ठिकाणी शिसे इतके उडाले आहे की वडिलांनी काय लिहिले होते, ते आता वाचता येत नाही. तिथला माझा शब्द मी काढून टाकला आहे आणि जागा मोकळी सोडली आहे.