हरणं सगळ्यांची, सदका एकट्याचा

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी हट्ट धरला, म्हणून सावेडीहून आम्ही सगळे रेहेकुरीला हरणं पाहायला गेलो. कर्जत तालुक्यातलं हे काळवीट अभयारण्य १९८० सालचं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. हरणांना एवढी जागा कशी पुरणार? कुंपण, हद्द त्यांना कुठे कळते!

जवळच्याच एका गावात माझ्या मामूंची पाच एकर जिरायती जमीन आहे. दुपारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. "राहिलेली हरणं माझ्या रानात बघा," म्हणत ते बांधावर घेऊन गेले. कोवळी ज्वारी खुडलेली होती. हरभऱ्याचा एक तुकडा तर मोडून पुन्हा पेरावा लागणार होता.

मी म्हणालो, "मामू, आपण पेरलेलं पाखरानं, जनावरानं खाल्लं तरी तो सदका ठरतो, असं हदीसमध्ये आहे ना?"

मामू हसले. "आहे ना. म्हणून तर हाकलण्यापलीकडे कधी काही केलं नाही. पण बेटा, हरणं तुम्हा सगळ्यांची आणि सदका एकट्या माझा?"

मला उत्तर सुचलं नाही.

एके काळी शिकार हा राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा शौक होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो थांबवला, हे चांगलंच झालं. रानडुक्कर आणि रोही यांनी पिकाची नासाडी केली, तर त्यांना मारण्याची परवानगी आपल्या राज्यात काही अटींवर मिळू शकते. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत आहे. पिकासाठी त्याला मारता येत नाही. मामूंनाही ते नकोच आहे.

अमेरिकेत न्यू मेक्सिको, कोलोरॅडो या राज्यांत एल्क नावाचं मोठं हरीण आहे. ते ज्यांच्या जमिनीवर चरतं, त्या मालकांना शिकारीच्या परवान्याचा वाटा मिळतो आणि तो विकताही येतो, कधी हजारो डॉलरना. तिथल्या साध्या शिकाऱ्यांची तक्रार अशी, की आम्ही सोडतीत नशीब आजमावायचं आणि पैसेवाल्याने परवाना विकत घ्यायचा. जंगली जनावर तर सर्वांचं! तक्रार रास्त आहे. तो बाजार आपल्याकडे नको. पण जनावर पोसणाऱ्याचंही काही देणं लागतं, एवढं तरी तिथे मानलं गेलंय.

आपल्याकडे नुकसानभरपाई आहे. पण त्यासाठी अर्ज, फोटो, पंचनामा आणि हेलपाटे. मामूंचे दोन अर्ज पडून आहेत. हरीण वाचवणं हे पुण्य असेल, सवाब असेल, तर त्याचा खर्च सावेडीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्यानेही उचलायला हवा. म्हणजे आपल्या करातून, वेळेवर आणि पुरेसा. सदका मनाने दिला जातो. बळजबरीने घेतला, तर तो दंड होतो.

निघताना अम्मीने मामूंच्या हातात बियाण्याचे पैसे ठेवले. त्यांनी ते परत केले. म्हणाले, "आपा, तू कशाला देतेस? तुझी हरणं थोडीच आहेत."