कॅसेटवरचा संगणक

घरगुती संगणकाच्या आरंभकाळाविषयी आज जे स्मरणरंजन आढळते, त्याचा खरा विषय यंत्र नसून त्याभोवती रुळलेली नित्यकर्मे हा आहे, आणि ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये आलेल्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. रबरी कळांचा हा छोटा संगणक घरातल्या दूरचित्रवाणी संचाला जोडला जाई. त्याचा प्रोग्रॅम, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांचा संच, साध्या कॅसेटवर ध्वनिरूपात साठवलेला असे. ‘लोड’ ही आज्ञा देऊन टेपरेकॉर्डर सुरू केला की पडद्याच्या कडांवर आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावू लागत, आणि ४८ किलोबाइटची स्मृती भरायला सुमारे पाच मिनिटे लागत. आवाजाची पातळी किंचित चुकली किंवा टेपचे हेड मळलेले असले, तर चूक झाल्याचा संदेश उमटे आणि फीत मागे गुंडाळून सारे पुन्हा आरंभावे लागे. ही प्रतीक्षा मात्र निष्फळ नव्हती, कारण सरावलेला कान केवळ त्या कर्कश ध्वनीवरून प्रारंभीचा संकेत कोणता आणि प्रत्यक्ष मजकूर कोणता हे ओळखू लागे.

त्याहून मोलाचे होते ते मासिकांत छापलेले प्रोग्रॅम ओळीनओळ टंकित करणे. यंत्र सुरू होताच बेसिक, ही १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी घडवलेली संगणकभाषा, समोर सिद्ध असे. त्यामुळे छापील ओळीतला एखादा आकडा बदलून काय घडते हे पाहणारे मूल, शिकवणाऱ्याची वाट न पाहता, वापरणाऱ्याचे रचणारे होत असे.