मागून घेतलेलें आमंत्रण

लग्न ठरल्याची वार्ता घराच्या उंबऱ्याबाहेर पडण्यास किती वेळ लागतो, हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं खुशाल आमच्या साक्रीस यावें. सकाळीं सुपारी फुटते आणि दुपारीं बसस्थानकावर धुळ्याच्या गाडीची वाट पाहत उभे असलेले गृहस्थ विचारतात, "मग काय, लाडू केव्हां?" प्रश्न लाडवांचा आहे असें परक्या माणसास वाटेल. वस्तुतः तो यादीचा असतो. त्या यादींत आपलें नांव आहे कीं नाहीं, आणि असल्यास एकट्याचें आहे कीं सहकुटुंब सहपरिवार, एवढें त्यांना काढून घ्यावयाचें असतें. तालुक्याच्या गांवीं सर्व माणसें एकमेकांस ओळखतात, हें एरवीं जितकें सुखाचें, तितकेंच अशा वेळीं अडचणीचें होतें.

आमंत्रण ही वस्तु मुळांत देणाऱ्याची. देवापुढें अक्षत ठेवून, पहिलें बोलावणें गणपतीस करून मग यजमानानें घरोघर जावें, ही आपली रीत. त्यांत श्रम पडत ते बोलावणाराच्या पायांना. ज्यास बोलवावयाचें त्यानें घरीं बसून वाट पाहावी, एवढेंच. आतां हा क्रम उलटला आहे. यजमान घरीं बसतो आणि आमंत्रणेच्छु फिरतात. बरें, ते यजमानाकडे जात नाहींत, हें विशेष. वडील मंडळींस विचारण्याचें धैर्य त्यांना होत नाहीं. ते गांठतात वधूवरांस. मुलगी कचेरींत असो कीं कान नदीच्या पुलावरून घरीं परतत असो, "आम्हांला विसरलीस होय?" एवढें वाक्य तिला निरुत्तर करण्यास पुरें होतें. तेंच कोणी अहिराणींत "आम्हले इसरी गयात का?" असें विचारलें, तर मग संपलेंच, त्या बोलीचा गोडवा असा कीं तिच्यापुढें नाहीं म्हणवत नाहीं.

या मंडळींत आम्हांस सर्वांत धोक्याचे वाटतात ते केळवण करणारे. लग्नापूर्वीं आप्तांनीं वधूस किंवा वरास आपल्या घरीं जेवूं घालावें, ही मोठी सुंदर चाल आहे. आत्या, मावशी, मामी यांच्या हातचें तें शेवटचें माहेरचें जेवण असे. परंतु आमंत्रणाची ज्यांना शाश्वति नाहीं, अशा लोकांनीं हें केळवण म्हणजे एक विसार करून ठेविला आहे. ज्यांच्या घरीं मुलगी उभ्या जन्मांत दोनदां गेली असेल, तेथून आग्रहाचें बोलावणें येतें. पानाभोंवतीं रांगोळी, पानांत श्रीखंड, शेजारीं खणाची घडी. मग वाढतां वाढतां सहज विचारावें तसें विचारलें जातें, "आम्ही सगळींच येऊं ना ग? धाकट्या जावेकडचींहि तेव्हां इकडेच असतील." तोंडांत पुरीचा घास असतांना नकार कोणीं व कसा द्यावा?

दुसरे, पत्रिकेंत नांव मागणारे. आमच्या खानदेशांत पत्रिका ही निमंत्रणापेक्षां जाहीरनाम्याच्या जवळची झाली आहे. निमंत्रक, प्रेषक, कार्यवाहक, स्वागतोत्सुक अशा ओळींखालीं नांवांची इतकी दाटी होते कीं वधूवरांचीं नांवें हुडकावीं लागतात. आधीं आमंत्रणाची मागणी, तें मिळालें कीं नांवाची, नांव छापलें कीं त्याच्या जागेची. आपलें नांव अमुकाच्या खालीं कां, यावरून दोन सख्ख्या चुलत्यांनीं वर्षभर बोलणें टाकल्याचें आम्हीं पाहिलें आहे. स्वतःसाठीं कांहीं न मागतां "अमक्यांनाहि बोलवा हो, बरें दिसेल" अशी शिफारस करणाऱ्यांविषयीं अधिक लिहीत नाहीं. बरें दिसण्याचा खर्च त्यांना करावयाचा नसतो.

हा सर्व आग्रह खादाडपणापायीं होतो, असें शहरांतील सुशिक्षित समजतात. आम्हांस तें पटत नाहीं. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी कोणाच्या घरीं होत नाहीं? वैशाखांत पारा चाळिसाच्या वर गेला असतां भर दुपारीं मंडपांतल्या पंगतीस बसणें ही कांहीं चैन नव्हे. याचें मूळ आहे तें आहेराच्या वहींत.

ही वही ज्यांनीं पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. मंडपाच्या एका कोपऱ्यांत एखादा हिशेबी नातलग वही उघडून बसतो. येणारा पाकीट देतो, आणि हा त्याचें नांव, गांव व रक्कम टिपून घेतो. कार्य उरकलें कीं वही कपाटांत जाते. पुढें ज्याच्या नांवासमोर १०१ रुपये आहेत त्याच्या घरीं लग्न निघालें म्हणजे ती बाहेर येते, आणि १०१ वर कांहीं भर घालून परतफेड होते. ज्या काळीं पेढीवर जाणें म्हणजे सावकाराच्या दारीं जाणें होतें, त्या काळीं गांवानें परस्परांसाठीं उभारलेलें हें बिनव्याजी भांडवल होतें, आणि त्यानें कित्येक गरिबांच्या मुली उजवल्या. १९८५ सालीं केंद्र सरकारनें हुंडाबंदीच्या कायद्याखालीं नियम करून वधूवरांस मिळालेल्या भेटवस्तूंची, देणाराचें नांव व नातें यांसह, यादी ठेवावयास सांगितलें. आमच्या वहीनें हें काम त्याच्या कितीतरी आधींपासून चालविलें होतें. हेतु मात्र निराळा होता.

आतां या वहीच्या दृष्टीनें आमंत्रणाकडे पाहावें. ज्याच्या घरीं आपण आहेर लिहविला आहे तो आपला ऋणी. त्यास न बोलावणें म्हणजे ऋण फेडण्याची संधि त्यास नाकारणें. ज्यानें आपल्या घरीं लिहविला तो धनको. त्यास न बोलावणें म्हणजे त्याचें खातेंच परस्पर बंद करणें. दोघेहि दुखावतात, आणि दोघांचेंहि दुखणें खरें असतें. पत्रिकेंत "कृपया आहेर आणूं नये" असें छापल्यानें हा गुंता सुटत नाहीं. खातें मिटत नाहीं, फक्त त्याचा उल्लेख करण्याची चोरी होते.

१७८३ सालीं पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांचें लग्न झालें, तेव्हां कोणाची कशी बरदास्त राखावी याची तजवीज खुद्द नाना फडणिसांना करावी लागली. त्यांच्यापाशीं दौलतीचें दफ्तर होतें आणि कारकुनांची फौज होती. साक्रीच्या शाळामास्तरापाशीं एक कपाट आणि एक वही असते.

मध्यंतरीं एक काळ असा येऊन गेला कीं, वधूवरांना नकार देण्याचें कारणच उरलें नाहीं. करोनाच्या सांथींत मे १९२० नव्हे, २०२० पासून लग्नास पन्नासांहून अधिक पाहुणे नसावे अशी केंद्र सरकारची आज्ञा झाली. आणि एप्रिल २०२१ त महाराष्ट्र सरकारनें ती मर्यादा २५ माणसांवर व दोन तासांवर आणून, मोडणारास ५०,००० रुपये दंड ठेविला. (मागच्या शतकांतील सन लेखणींतून उतरूं पाहतो, तो तसाच राहूं देतों, साथ अशी जुन्या काळासारखीच वाटली.) त्या वर्षीं १४ मेला आखाजी आली. साडेतीन मुहूर्तांतला तो दिवस, एरवीं ज्या दिवशीं सुरत रस्त्यावर वऱ्हाडांच्या गाड्यांनीं वाट मिळूं नये, तो दिवस सामसूम गेला. पंचवीस माणसांत लग्नें लागलीं आणि कोणी कोणावर रुसलें नाहीं. सरकारनें बोलावूं दिलें नाहीं, एवढ्यानें मानी माणसांचेंहि समाधान झालें. यांतून आम्हांस एक गोष्ट कळून आली. वगळलें जाण्याचें दुःख तितकें नसतें. आपणांस वगळून शेजारच्यास बोलावलें, याचें असतें. नियम सर्वांना सारखा असला कीं तो पचतो. निर्बंध उठल्यावर "तेव्हांचें आमचें राहिलेलें आहे" म्हणून मागील बाकी वसूल करावयास आलेलेहि होतेच. पण ते थोडे.

हें सर्व आम्हांस आठवण्याचें कारण आमच्या भाचीचें लग्न. मुलगी आणि मुलगा दोघेंहि मिळवतीं. आपल्या मिळकतींतून लग्न करावयाचें, कोणाचें कर्ज काढावयाचें नाहीं, आणि माणसें १५०, असें त्यांनीं ठरविलें. पंधरा दिवसांत यादी ४०० वर गेली. एकहि नांव त्या दोघांनीं आपण होऊन घातलेलें नव्हतें. सर्व मागून घेतलेलीं. आमचे मेहुणे भविष्यनिर्वाह निधींतून उचल घेण्याची भाषा करूं लागले. मुलगी कांहीं बोलली नाहीं. एके रात्रीं जेवणें झाल्यावर मात्र शांतपणें म्हणाली, "मामा, त्यापेक्षां आम्ही धुळ्यास जाऊन नोंदणी करतों. तीन साक्षीदार पुरतात." १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वयें तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढेंच लागतें, हें तिनें पाहून ठेविलें होतें. आमच्या भगिनीच्या डोळ्यांस पाणी आलें. तिचे वडील उठून अंगणांत गेले.

आम्हांस मुलीचें म्हणणें बरोबर वाटलें, आणि तिच्या वडिलांचेंहि चूक वाटलें नाहीं. ते म्हणाले, "तुम्ही लग्न करून पुण्यास जाल. मला याच गल्लींत राहावयाचें आहे. उद्यां माझ्या दारीं कोणी यावें असें मला वाटतें." यास उत्तर नाहीं. मुलांनीं लहान लग्न करावें असे उपदेश करणारे या एका वाक्याचा विचार करीत नाहींत. लग्न दोघांचें असतें, पण त्यानंतरचीं वीस वर्षें गल्लींत आईबापांनीं काढावयाचीं असतात.

शेवटीं ठरलें तें असें. यादी १५० चीच. तींत कोण, याची कसोटी मुलांनीं सांगितली : गेल्या वर्षभरांत ज्या माणसाशीं आपण दोघांपैकीं एकजण तरी मनापासून बोललें असेल, तें माणूस. कसोटी एकदां ठरल्यावर ती आमच्या मोठ्या भावासहि लागली व आमच्या मेहुण्यांच्या वरिष्ठांसहि. विचारणारांस उत्तर देण्याचें काम आमच्याकडे आलें. मुलीनें "मामांना विचारा" एवढेंच म्हणावयाचें. मामा हा अशा कामास सोयीचा असतो. त्यास मुलीच्या गल्लींत राहावयाचें नसतें.

हें काम करतांना आम्हीं एक पथ्य पाळलें : "बघूं" हा शब्द उच्चारला नाहीं. बोलणारा "बघूं" म्हणतो तें नकाराच्या अर्थानें, पण ऐकणारा त्याचा अर्थ होकार असाच घेऊन घरीं जातो, आणि लग्नाच्या दिवशीं दोघेहि एकमेकांस खोटे ठरवितात. पहिल्याच भेटींत, हंसतमुखानें, पण स्पष्ट सांगावें. केळवणांचें निमंत्रण आलें कीं तेंहि आधींच सांगितलें जाई : "मुलगी जेवावयास आनंदानें येईल, लग्न मात्र घरच्यांपुरतें आहे." दोन ठिकाणचीं केळवणें त्यानंतर आपोआप रद्द झालीं. तिसऱ्या ठिकाणीं मात्र त्या बाई म्हणाल्या, "अहो, मी मुलीला जेवावयास बोलावलें आहे, तुमच्या मांडवाला नव्हे." आम्हांस बरें वाटलें.

खरें काम मेहुण्यांनीं केलें. त्यांनीं आहेराची वही काढली, यादींत न बसणारीं पण वहींत असलेलीं चाळीस घरें निवडलीं, आणि उभयतां नारळ घेऊन लग्नापूर्वीं प्रत्येक घरीं जाऊन आलीं. पत्रिका नव्हे, व्हॉट्सअपवरचें चित्र नव्हे, स्वतः. जाऊन सांगावयाचें तें असें : "लग्न लहान आहे, मुलांच्या पैशांचें आहे, म्हणून आपणांस बोलवितां येत नाहीं. आपलें आमच्याकडे लिहिलेलें आहे, तें विसरलों नाहीं. लग्न झालें कीं दोघें नमस्कारास येतील." न बोलावण्याचें हें बोलावणें! आम्हांस वाटलें होतें, लोक दारांतून परत लावतील. बहुतेकांनीं चहा केला. एका घरीं त्यांच्याच वहींतील आमच्या मेहुण्यांची जुनी नोंद दाखवून हंसाहंशी झाली. लग्नानंतर नवीं जोडपीं पेढे घेऊन जातात त्याप्रमाणें भाची आणि जांवई दोन दिवस फिरलीं, आणि ज्यांना मांडवांत कोणी ओळखलेंहि नसतें, त्यांच्या घरीं अर्धा-अर्धा तास बसलीं.

यादी पक्की झाल्यावर एके दुपारीं मागच्या दारीं एक वृद्ध बाई आल्या. आमच्या भाचीस तान्हेपणीं त्यांनीं न्हाऊंमाखूं घातलें होतें. त्यांनीं आमंत्रणाचा विषयहि काढला नाहीं. "हळद कोणत्या दिवशीं दळणार? जात्याला हात लावायला येईन," एवढेंच म्हणाल्या. मुलीच्या यादींत त्यांचें नांव तिसरें होतें, हें त्यांना ठाऊक नव्हतें. मुलगी त्याच पावलीं कुंकवाची कोयरी आणि अक्षता घेऊन त्यांच्याबरोबर त्यांच्या घरीं गेली, व तेथें उंबऱ्यांत उभी राहून रीतसर बोलावणें करून आली.

रुसलेलेहि आहेत. ज्यांचें केळवण रद्द झालें त्यांपैकीं एक गृहस्थ आम्हांस बाजारांत पाहून अद्यापि दुसऱ्या बाजूनें जातात. त्यांच्या मुलाचें लग्न येत्या वैशाखांत आहे असें कानावर आलें आहे. पत्रिका आलेली नाहीं, आणि आम्हींहि ती मागितलेली नाहीं.