छाट

सोलापुरात आमच्या मोहल्ल्यात फजरच्या अजानीपाठोपाठ कात्र्यांचा आवाज सुरू व्हायचा. तेंदूची पानं कापणाऱ्या कात्र्या. पलीकडच्या पद्मशाली गल्लीत गप्पा तेलुगूत चालायच्या, आमच्याकडे दखनीत. पण मांडीवरचं सूप दोन्हीकडे सारखंच. विडी काही हिंदू-मुसलमान ओळखत नव्हती.

आम्ही तिघी बहिणी त्या सुपाभोवतीच वाढलो. शाळेतून आलो की दप्तर भिंतीला टेकवून अम्मीजवळ बसायचं. रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं पत्र्याच्या साच्यावर धरून कापायची. जाड शीर काढून टाकायची, नाहीतर वळताना पान तडकतं. पान फार ओलं राहिलं तर विडीला बुरशी, फार सुकलं तर तुकडे. मग पानावर तंबाखू पसरायचा, अंगठ्याने वळायचं, रुंद टोकाच्या कडा लोखंडी काडीने आत दुमडायच्या आणि निमुळत्या टोकाकडे दोरा बांधायचा. 25 विड्यांची एक जुडी. अशा 40 जुड्या झाल्या की हजार. अम्मीचा दिवस त्या हजारात मोजला जायचा.

खरी कसब वळण्यात होती. सैल वळली तर तंबाखू गळतो, विडी विझते. घट्ट वळली तर दिसायला देखणी, पण ओढली जात नाही. अम्मी म्हणायची, ‘सख्त बी नको, ढीला बी नको. हवा कू रस्ता छोडो.’ तिने आयुष्यात एकही विडी ओढली नाही. तरी दोन बोटांत फिरवून ती सांगायची, ही ओढेल, ही नाही. आणि ती चुकायची नाही.

चुकलो आम्ही. थोरलीच्या दहावीच्या परीक्षेचे दिवस होते, अम्मीला ताप होता. काम लवकर उरकावं म्हणून आम्ही तंबाखू न चाळता, चुऱ्यासकट भरला आणि सैल दिसू नये म्हणून पानं करकचून आवळली. जुड्या इतक्या टणक झाल्या की आम्हालाच कौतुक वाटलं. कारखान्यात तपासणाऱ्याने एक विडी दाबली, दुसरी फोडली आणि चार जुड्या बाजूला सारल्या. छाट! त्या शंभर विड्यांची मजुरी गेली. विड्याही परत मिळाल्या नाहीत.

आम्हाला वाटलं, अम्मी रागावेल. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘पैसा गया सो गया. मेहनत में खोट नको.’ हलालच्या कमाईवरचे पुष्कळ बयान आम्ही पुढे ऐकले; आमच्या मनात हेच राहिलं.

विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला. छाटीच्या टक्केवारीला मर्यादा घालणारे नियम करण्याची तरतूद त्यात होती. हे आम्हाला बी.एड.च्या वर्षांत वाचून कळलं. अम्मीला कुणीच सांगितलं नव्हतं. तिच्या हिशेबात छाट म्हणजे नशीब.

2006 साली कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. दहा हजार घरं, विडी कामगार बायकांची. मोहल्ल्यातल्या काही जणी तिकडे गेल्या. सूप सोबत गेलंच.

एक गोष्ट लिहिताना जीभ अडखळते. आमच्या वह्या, फिया, ईदचे कपडे ज्या वस्तूतून आले, ती ओढणाऱ्याची छाती जाळते. वळणारीलाही ती सोडत नाही. तंबाखूच्या धुळीने अम्मीचा खोकला आता कायमचा झाला आहे. या कमाईची लाज वाटावी की अभिमान? आम्ही बहिणींनी यावर अनेकदा वाद घातला. विडीचं समर्थन आम्हाला करता येत नाही. त्या बोटांना दोषही देता येत नाही.

आमच्यातली एक, म्हणजे हे लिहिणारी, आज उर्दू शाळेत शिकवते. वर्गात काही मुलींच्या बोटांवर कात्रीचे व्रण दिसतात. उशिरा आल्याबद्दल त्यांना उभं करायचा हात आमचा होत नाही.

मागच्या रमजानमध्ये थोरलीची मुलगी अम्मीला म्हणाली, ‘नानी, मला पण शिकव ना.’ अम्मीने सूप उचललं, फळीवर ठेवलं आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. पोरीने पेन्सिल मुठीत घट्ट आवळली. अम्मी हसली. तिची बोटं एकेक करून सैल केली आणि म्हणाली, ‘सख्त नको.’