शेकडेवारी आणि हजेरीपट

मराठीत ‘निकाल’ या शब्दाला दोन घरे आहेत. एक न्यायकचेरीत, दुसरे शाळेत. कचेरीत निकाल लागण्यापूर्वी दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्याची निदान रीत तरी आहे. शाळेचा निकाल मात्र एका आकड्यात लागतो आणि ज्याच्याविषयी तो लागला त्याला तोंड उघडण्याची सोय नसते. दहावीचा निकाल जाहीर झाला की गावोगावी फलकांवर शेकडेवारी झळकू लागते, आणि आपणांसारख्या सुशिक्षित कुटुंबांत तिच्यावरूनच शाळेची बरीवाईट किंमत ठरते. धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यांतील लहान प्रशालांना तरी हे माप कितपत लागू पडते, याचा विचार व्हावा असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

या मुलखाला माध्यमिक शाळा सहजासहजी मिळालेली नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामाचे राज्य होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. तेव्हा घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला विद्येच्या वरच्या पायऱ्या परक्या भाषेतूनच चढणे प्राप्त होते. १९२१ साली आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली, ती अशा काळात. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून पुढे विख्यात झालेले स्वामी रामानंद तीर्थ हे त्याआधी या शाळेचे मुख्याध्यापक होते, ही गोष्ट जिल्ह्याबाहेर फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली दिसत नाही. पश्चिम महाराष्ट्रात खेड्यांपर्यंत हायस्कूल नेले ते बव्हंशी रयत शिक्षण संस्थेसारख्या खाजगी संस्थांनी. मराठवाड्यात त्या कामाचा मोठा भार १९६२ साली अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदांनी उचलला. ‘जिल्हा परिषद प्रशाला’ ही पाटी म्हणूनच तिकडे ठिकठिकाणी दिसते.

आता या प्रशालेच्या बाकांवर बसते कोण? २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातील शंभरांपैकी सुमारे त्र्याऐंशी माणसे खेड्यांत राहणारी होती. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागे पडलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून निवड केली, त्यांत महाराष्ट्रातील जे चार आले त्यांपैकी हा एक. ज्यांच्या हाती थोडा पैसा आहे ते आपल्या मुलाला लातुरास, सोलापुरास अथवा निदान तालुक्याच्या गावी ठेवतात. मागे राहतात ती अल्पभूधारकांची, शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची मुले. आणि ज्यांच्या भावाला शहरात ठेवले पण त्यांना नाही, अशा मुली. म्हणजे निवड शाळेने केलेली नसते. आधीच होऊन गेलेल्या निवडीतून जे उरले ते तिने पदरात घेतलेले असते.

त्यात संख्येचा एक खेळ आहे. समजा, दहावीच्या वर्गात वीस मुले आहेत. एक मूल नापास झाले की निकाल पाच टक्क्यांनी खाली येतो. दोनशे मुलांच्या शाळेत तेच एक मूल अर्धा टक्कादेखील ओलांडीत नाही. २०२४ साली राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला आणि २०२५ साली ९४.१०. हा पावणेदोन टक्क्यांचाही नसलेला उतार चर्चेचा विषय होतो. लहान प्रशालेत मात्र एका मुलाचा ऐन परीक्षेतला ताप याच्या जवळजवळ तिप्पट उतार घडवून आणतो. आकड्यावर फार भिस्त ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राज्याचा ९९.९५ टक्क्यांचा निकाल २०२१ साली लागला, आणि त्या वर्षी महामारीमुळे परीक्षाच झाली नव्हती!

परंतु खरी ग्यानबाची मेख शेकड्याच्या छेदात आहे. एखाद्या प्रशालेत जाण्याचा योग आला म्हणजे मी दारावरचा फलक वाचून थांबत नाही. हजेरीपट पाहावयास मागतो. दसरा-दिवाळी उलटली की काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची ओळच्या ओळ सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात. लहान भावंडाला सांभाळावयास, नाहीतर मोळ्या बांधावयास, थोरली मुलगी बरोबर जाते. दहावीची परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चात, आणि तेव्हा पुष्कळदा गाळपाचा हंगाम उरकलेला नसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्रही चौदाव्या वर्षापर्यंतचेच. नववीच्या उंबरठ्यावर ते मिटते. शिवाय कच्च्या मुलाला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेला बसण्याचा सल्ला देण्याची वाटही कोणत्याही शाळेला मोकळी असते. जो परीक्षेस बसलाच नाही तो नापास होत नाही. आणि म्हणून शंभर टक्क्यांचा निकाल हा कधीकधी गळतीचाच गौरव ठरतो. उलट, महिना-महिना गैरहजर राहिलेल्या मुलीला घरी जाऊन परत आणणारा आणि परीक्षेस बसविणारा शिक्षक आपल्याच शाळेची शेकडेवारी धोक्यात घालीत असतो.

यावर कोणी म्हणेल की, दारिद्र्याच्या पांघरुणाखाली निकृष्ट शिकवणी झाकण्याचा हा उद्योग आहे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. गणिताची जागा वर्षभर रिकामी राहते, तास बुडतात, आणि त्याचा दोष ऊसतोडीच्या माथी मारता येत नाही. गरीब मुलाला सवलतीचे गुण नकोत, पुरेसे शिक्षक हवेत. पण म्हणूनच माप अचूक पाहिजे. आठवीच्या पटावर किती मुले होती आणि त्यांपैकी किती दहावी उत्तीर्ण झाली, एवढा एकच आकडा प्रत्येक शाळेने शेकडेवारीच्या शेजारी लिहावा. त्याने आळशी शाळा उघडी पडेल, आणि कष्टाळू शाळेला तिचे श्रेय मिळेल.

हिप्परग्याच्या शाळेची थोरवी आज आपण मोजतो ती तिच्या उत्तीर्णांच्या शेकड्याने नव्हे. ज्यांना कोणी शाळा देत नव्हते त्यांना तिने जवळ केले म्हणून. आईबाप फडात असताना आजीजवळ राहून, भाकरी थापून, धाकट्याला वेळेवर शाळेत पोचवून जी मुलगी अठ्ठेचाळीस टक्के मिळविते, तिचे नाव फलकावर चढत नाही. तिच्यापुरता तरी खरा निकाल हजेरीपटातच लिहिलेला असतो. तो वाचण्याची सवय आता आपणच लावून घेतली पाहिजे.